खालिद जमील यांचे पहिले सात सामने: डावपेच चुकले की निकाल फसवे आहेत?

दादरकर

नमस्कार. ढाक्यात 18 नोव्हेंबर 2025 रोजी भारतीय फुटबॉल संघाने बांगलादेशकडून 1-0 अशी हार पत्करल्यापासून आमच्या मित्रमंडळींत दोन तट पडले आहेत आणि दोन्हीकडचे लोक एकाच निकालपत्रकाचा आधार घेऊन भांडत आहेत, म्हणून हा विषय येथे मांडतो.

खालिद जमील यांची भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून 1 ऑगस्ट 2025 रोजी नेमणूक झाली. सावियो मेडेरा यांच्यानंतर 13 वर्षांनी हे पद पुन्हा भारतीय माणसाकडे आले आणि तेही मुंबईच्या मैदानांवर खेळून व शिकवून मोठ्या झालेल्या माणसाकडे, याचा आपल्याला आनंद होणे साहजिक होते. त्यानंतर महिनाभरातच मध्य आशियाई संघटनेच्या काफा नेशन्स कपमध्ये संघाने ताजिकिस्तानला त्यांच्याच हिसोरमध्ये 2-1 असे हरवले, इराणकडून 0-3 अशी हार खाल्ली, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी केली आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात ओमानला 1-1 नंतर पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले. तेव्हा ओमान जागतिक क्रमवारीत 79वा आणि आपण 133वे होतो. पुढे आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत सिंगापूरला 1-1 बरोबरी, मडगावात त्याच सिंगापूरकडून 1-2 पराभव आणि शेवटी ढाका. शूटआउट बरोबरीत धरला तर सात सामन्यांत एक विजय, तीन बरोबरी, तीन पराभव. पाच गोल केले, नऊ खाल्ले.

माझा प्रश्न जमील राहावेत की जावेत हा नाही. पहिल्या चार सामन्यांत जी पद्धत हुशारीची वाटली तीच पुढच्या तीन सामन्यांत कालबाह्य कशी ठरली? एवढ्या थोड्या सामन्यांवरून प्रशिक्षकाच्या डावपेचांबद्दल काही खात्रीने म्हणता येते का, आणि येत असेल तर निकालाखेरीज काय पाहावे?

पूर्व स्टँड

दादरकर, जमील यांची पद्धत आपण मुंबईकरांनी इतरांच्या आधी पाहिली आहे, त्यामुळे उत्तराची सुरुवात मुंबईतल्या कूपरेज मैदानापासून करावी लागेल. 2009 ते 2016 या काळात ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. पैसा बेताचा, परदेशी खेळाडू दुसऱ्या फळीतले, आणि समोर कोलकाता-गोव्याचे मोठे क्लब. त्या संघाने कधी विजेतेपदाच्या गप्पा मारल्या नाहीत, पण जमील यांच्या कारकिर्दीत तो आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून खालीही गेला नाही. बचावाच्या चौघांपुढे मधल्या फळीतल्या चौघांची दुसरी रांग, दोन्ही रांगांमध्ये जेमतेम अंतर, चेंडू मिळाला की दोन-तीन पासांत पुढे, आणि कॉर्नर, फ्री किक, लांब थ्रो यांवर जीव टाकायचा. कूपरेजच्या कृत्रिम हिरवळीवर हा खेळ पाहताना अनेकदा जांभया यायच्या, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण 2016 मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी आय-लीगमधून बाहेर फेकला गेला. त्याच हंगामात जमील यांनी ऐझॉल एफसीला विजेतेपद मिळवून दिले. त्या संघात जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे त्यांच्या हाताखालून गेलेले मुंबईचे खेळाडू होते.

ऐझॉलच्या त्या यशाचे गणित नीट पाहिले तर आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते. दहा संघ, 18 सामने, 37 गुण. मोहन बागान एका गुणाने मागे राहिला. जो संघ सहजासहजी हरत नाही, एका गोलाने जिंकतो आणि बाहेरच्या मैदानावरून बरोबरी घेऊन येतो, त्याची पुंजी लांब हंगामात हळूहळू साठत जाते. सिंगापूरमधील 1-1 हा असल्या हंगामात मोलाचा निकाल ठरला असता. आशियाई चषकाच्या शेवटच्या पात्रता फेरीत मात्र चार संघांच्या गटातून फक्त अव्वल संघ पुढे जातो आणि प्रत्येकाला सहाच सामने मिळतात. त्यातले दोन जमील येण्याआधीच होऊन गेले होते: शिलाँगमध्ये बांगलादेशशी 0-0 आणि हाँगकाँगमध्ये भरपाईच्या वेळेतल्या पेनल्टीवर 0-1. म्हणजे त्यांना उरलेल्या चारांपैकी निदान तीन जिंकणे भाग होते. हरू नये म्हणून बांधलेली पद्धत आणि जिंकावेच लागेल अशी परिस्थिती, ही विजोड जोडी होती. यात प्रशिक्षक किती दोषी आणि त्यांना नेमणारे किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एक लहानसा मुद्दा. इराणविरुद्धच्या 0-3 ला कोणी डावपेचांचे अपयश म्हणू नये. मध्यंतराला 0-0 होते, पहिला गोल साठाव्या मिनिटाला झाला, आणि उरलेले दोन 89व्या मिनिटाला व भरपाईच्या वेळेत. आकडा मोठा दिसतो, पण जवळजवळ दीड तास आपण त्या सामन्यात होतो.

परळचा कोच

मी पंधरा वर्षांखालील मुलांना शिकवतो, त्यामुळे माझे लक्ष निकालापेक्षा मैदानावरच्या अंतरांकडे जाते. दादरकरांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्या अंगाने देतो.

प्रशिक्षकाच्या कामाचे मोजमाप करताना मी दोन प्रकारचे सामने वेगळे काढतो: ज्यांत प्रतिस्पर्ध्याला चेंडू हवा असतो ते, आणि ज्यांत तो चेंडू आपल्याला देऊन मागे बसतो ते. ताजिकिस्तान, इराण आणि ओमान पहिल्या प्रकारात येतात. अफगाणिस्तान, मडगावात आघाडी घेतल्यानंतरचे सिंगापूर आणि अकराव्या मिनिटाला गोल केल्यानंतरचे बांगलादेश दुसऱ्या. अशी विभागणी केली की सात सामन्यांचा गोंधळ बराचसा निवळतो, कारण पहिल्या प्रकारात आपण शिस्तबद्ध आणि त्रासदायक संघ आहोत, तर दुसऱ्या प्रकारात काय करायचे हे ठाऊक नसलेला संघ आहोत. काफा स्पर्धेनंतर झालेला जल्लोष पाहतानाच मला अफगाणिस्तानविरुद्धची गोलशून्य बरोबरी टोचत होती. खरी सूचना त्या सामन्यात होती आणि शूटआउटच्या आनंदात ती झाकली गेली.

आधी जे चांगले होते ते सांगतो. ताजिकिस्तानविरुद्ध पाचव्या मिनिटाला मोहम्मद उवैसने मारलेला लांब थ्रो आठवा. बऱ्याच प्रेक्षकांना वाटते की लांब थ्रो म्हणजे नुसती ताकद. पण त्याच्या आधी सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मधले दोघे, संथपणे चालत पुढे जातात, फेकणारा चेंडू कोरडा करतो, एक जण गोलरक्षकाच्या पुढ्यात उभा राहतो, आणि थ्रो-इनवर ऑफसाइड नसल्यामुळे त्याला तेथून कोणी हलवू शकत नाही. चेंडू कॉर्नरपेक्षा सपाट येतो, त्यामुळे गोलरक्षकाने पुढे यावे की रेषेवर थांबावे हे ठरेपर्यंत डोके लागलेले असते. अन्वर अलीने तो गोल केला आणि आठ मिनिटांनी संदेश झिंगनने दुसरा. नेमणुकीनंतर जेमतेम चार आठवड्यांत, तेही मोहन बागानने आपले खेळाडू शिबिराला सोडलेले नसताना, खेळाडूंच्या अंगवळणी पडेल अशी एखादी गोष्ट निवडायची तर हीच निवडावी लागते. चार आठवड्यांत पासिंगचा खेळ बसत नाही. उवैस जमशेदपूरला त्यांच्याच हाताखाली खेळलेला असल्यामुळे त्याच्याकडून काय मिळेल हे त्यांना पक्के माहीत होते.

आता जे खटकते ते. समोरचा संघ मागे सरकला की आपले दोन सेंटर बॅक चेंडू घेऊन उभे राहतात, त्यांच्या पुढ्यात दोन मिडफिल्डर एकाच आडव्या रेषेत उभे असतात, आणि त्या दोघांपासून पुढच्या जोडीपर्यंत इतके मोठे अंतर राहते की तेथे चेंडू घेऊन वळणारा कोणीच सापडत नाही. साहजिकच चेंडू फुलबॅककडे जातो, तेथून साइडलाइनलगत विंगरकडे, विंगरवर दोन जण चालून येतात आणि शेवटी क्रॉस उंच उडतो. प्रतिस्पर्ध्याच्या सेंटर बॅकला याहून सोपे काम नाही. मी माझ्या मुलांना सांगतो की दोन मिडफिल्डर एका रेषेत दिसले तर त्यांच्यातल्या एकाने तरी हलायलाच हवे. कोण हलला हे महत्त्वाचे नाही. राष्ट्रीय संघाला हे सांगण्याची माझी योग्यता नाही, पण दिसते ते दिसते.

गोलांकडेही याच दृष्टीने पाहा. ताजिकिस्तानविरुद्धचे दोन्ही गोल थांबलेल्या चेंडूंवरून सुरू झाले. सिंगापूरमध्ये रहीम अलीने 90व्या मिनिटाला केलेला गोल त्यांच्या ढिल्या बॅकपासची देणगी होती. मडगावात विंगर छांगटेने बॉक्सबाहेरून मारलेला फटका अप्रतिम होता, पण तो त्याच्या डाव्या पायाचा गुण, रचनेचा नव्हे.

कोकणकन्या

मडगावच्या सामन्यासाठी मी मुंबईहून रात्रीच्या गाडीने गेले होते, त्यामुळे थोडे त्या संध्याकाळबद्दल. परळच्या कोचनी जे अंतर म्हटले आहे ते टीव्हीवर फारसे कळत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो. फातोर्ड्याच्या वरच्या स्टँडमधून मात्र ते पहिल्या अर्ध्या तासातच दिसत होते. छांगटेचा गोल 14व्या मिनिटाला झाला. तो आमच्या मुंबई सिटीचा खेळाडू असल्यामुळे आम्ही काही जण जरा जास्तच ओरडलो. त्यानंतर संघ नकळत मागे सरकत गेला. कोणी तसे सांगितले होते की खेळाडू आपणहून सरकले, हे स्टँडमधून कळायला मार्ग नाही. मध्यंतराच्या तोंडावर, 44व्या मिनिटाला, साँग उई-यंगने बरोबरी केली आणि 58व्याला त्यानेच दुसरा गोल केला. दोन्ही वेळा त्याला हवी तेवढी मोकळी जागा मिळाली होती.

माझी तक्रार त्यापुढच्या अर्ध्या तासाबद्दल आहे. 1-2 असताना बदली खेळाडू आले, पण खेळ बदलला नाही. प्रशिक्षक एका खेळाडूच्या जागी त्याच जातकुळीचा दुसरा उतरवत असेल, तर त्याच्याकडे दुसरा आराखडा नाही असा संशय येतोच. पाच दिवसांपूर्वी सिंगापूरमध्ये झिंगनला 47व्या मिनिटाला बाहेर काढल्यानंतर दहा जणांनी जी चिकाटी दाखवली होती तिचे मला मनापासून कौतुक आहे. पण दहा जणांनी खेळताना काय करायचे ते या संघाला अकरा जणांनी खेळण्यापेक्षा चांगले समजते, ही प्रशंसा मानायची की टीका?

आणखी एक गोष्ट. अनुभवी स्ट्रायकर सुनील छेत्रीला काफा स्पर्धेसाठी घेतले नाही, मग सिंगापूरसाठी परत बोलावले. संघ नव्याने उभारायचा आहे की आजचा सामना वाचवायचा आहे, याबद्दल जमील यांचे मन दोन महिन्यांत दोनदा बदलले, असा त्याचा अर्थ मी घेते.

गिरगाव 11

सगळे विश्लेषण मान्य आहे, पण बांगलादेशने आपल्याला 2003 नंतर प्रथमच हरवले आहे. ताजिकिस्तानचा थ्रो-इन आणि ऐझॉलचे 37 गुण सांगून हे झाकता येत नाही. राकिबने डाव्या बाजूने पळत येऊन चेंडू आत दिला आणि मोरसालिनने गोल केला. अकराव्या मिनिटाला बाहेरच्या मैदानावर बचाव इतका उघडा पडतो, तेव्हा 'हरू नये म्हणून बांधलेली पद्धत' हे वर्णन तरी कसे टिकते? निदान बचाव तरी चोख हवा होता. क्लबला आणि देशाला एकच मोजपट्टी लावू नका.

पूर्व स्टँड

गिरगाव 11, आपला शेवटचा मुद्दा रास्त आहे आणि त्यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही. ढाक्यात आपण जुन्या पद्धतीने खेळलोच नाही. आव्हान आधीच संपले असल्यामुळे नव्या मुलांना संधी दिली आणि रांगा पुढे सरकवल्या, त्याची किंमत लगेच मोजावी लागली. छांगटेचा एक फटका बांगलादेशच्या हमझा चौधरीने गोलरेषेवरून परतवला नसता तर निकाल वेगळा असता, पण त्याने खेळाचा दर्जा वेगळा ठरला नसता.

मात्र 'पहिल्या निकालांवरून ठरवा' या आग्रहाला आपल्याच इतिहासातली दोन उदाहरणे आडवी येतात. स्टीफन कॉन्स्टंटाइन 2015 मध्ये प्रशिक्षक म्हणून दुसऱ्यांदा आले तेव्हा मार्च महिन्यात आपण क्रमवारीत 173व्या स्थानी घसरलो होतो आणि जूनमध्ये चक्क गुआमकडून 2-1 असे हरलो. जुलै 2017 मध्ये तोच संघ 96व्या स्थानावर होता आणि 2019च्या आशियाई चषकात त्याने थायलंडला 4-1 असे हरवले. इगोर श्टिमाट्स यांची सुरुवात याच्या नेमकी उलट भासली: सप्टेंबर 2019 मध्ये दोह्यात कतारला 0-0 रोखल्यावर आपण सगळ्यांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते, आणि महिन्याभराने कोलकात्यात याच बांगलादेशशी 1-1 बरोबरीवर थांबलो. पुढे अफगाणिस्तानशीही 1-1. बलाढ्य संघाला रोखायचे आणि बरोबरीच्या संघापुढे अडखळायचे, हा रोग जमील यांच्या आधीपासूनचा आहे. जमील यांच्या आधीचे प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांची आठ सामन्यांतली कमाईही मालदीववरच्या एका विजयाची होती, आणि ते तर चेंडू पायाशी ठेवणाऱ्या पंथाचे प्रशिक्षक होते. पद्धती दोन टोकांच्या आणि निकाल सारखेच, म्हटल्यावर पद्धतीखेरीज आणखी काहीतरी बिघडलेले असणार.

दादरकर

सर्वांचे आभार. परळच्या कोचनी केलेली विभागणी मला सर्वाधिक उपयोगी वाटली. त्यावर एक उपप्रश्न: मागे बसलेल्या संघाला फोडायला जो स्ट्रायकर लागतो तोच आपल्याकडे नसेल, तर प्रशिक्षकाने करावे तरी काय? आणि नव्याने भारतीय नागरिक झालेला, ऑस्ट्रेलियात जन्मलेला रायन विल्यम्स आल्याने यात फरक पडेल का?

परळचा कोच

स्ट्रायकरची टंचाई खरी आहे आणि तिचे कारणही सर्वांना माहीत आहे. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानावर असू शकतात आणि बहुतेक क्लब त्यातली एक जागा नऊ नंबरवर, म्हणजे मुख्य स्ट्रायकरवर, खर्च करतात. मग भारतीय स्ट्रायकर विंगवर ढकलला जातो किंवा बाकावर बसतो. त्यात 2025 साली लीगच्या हक्कांच्या कराराचा तिढा सुटेना म्हणून जुलैमध्ये हंगामच स्थगित झाला. सिंगापूरविरुद्ध उतरलेल्या मुलांकडे नेहमीच्या लीगची धाव नव्हती. हे प्रशिक्षकाच्या हातातले नाही.

विल्यम्सचे म्हणाल तर ढाक्याला तो संघाबरोबर गेला होता, पण कागदपत्रे पूर्ण न झाल्याने खेळू शकला नाही. त्याची आई मूळची मुंबईची आणि आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले, त्यामुळे आपल्याला त्याच्याबद्दल आपुलकी वाटणारच. परंतु तो मुळात बाजूने आत येणारा खेळाडू आहे. त्याला विंगवर उभे करून क्रॉस टाकायला लावले तर छांगटेची आणखी एक प्रत मिळेल, एवढेच. त्याला छांगटेच्या विरुद्ध बाजूने आत, त्या रिकाम्या पट्ट्यात खेळवले तर बरेच काही साधेल, कारण तेथे चेंडू घेऊन वळणारा माणूस मिळाला की समोरचे सेंटर बॅक जागा सोडून पुढे येतात आणि मग साधा स्ट्रायकरही धोकादायक दिसू लागतो. हा निर्णय मात्र सर्वस्वी जमील यांच्या हातातला आहे.

म्हणून मार्च 2026 मध्ये मायदेशी हाँगकाँगविरुद्ध सामना होईल तेव्हा मी निकाल नंतर पाहीन. आधी हे पाहीन की चेंडू आपल्या सेंटर बॅककडे असताना दोघांपैकी एक मिडफिल्डर पुढे सरकतो का, आणि साठाव्या मिनिटाला बरोबरी असेल तर उतरणारा खेळाडू बाहेर जाणाऱ्यापेक्षा वेगळ्या जागी उभा राहतो का. गट हातचा गेलेला असल्यामुळे तो सामना हरण्याने काहीही बिघडणार नाही. प्रयोग करायला जमील यांना इतकी मोकळीक पुन्हा लवकर मिळणार नाही.

कोकणकन्या

यात माझ्याकडून एकाची भर: लांब थ्रो टाकताना मागे किती जण ठेवतात तेही पाहा. मडगावात आमच्या शेजारी बसलेले एक गोंयकार गृहस्थ प्रत्येक थ्रोला मागे राहिलेले खेळाडू मोजत होते, आणि आकडा दोनवर आला की डोक्याला हात लावत होते.